निर्गतबंदी आणि दुष्काळ : चाकणच्या कांदाबाजारावरून घ्यावयाचा धडा

दुष्काळनिवारणाच्या कार्यास जे व्यापारी, जमीनदार व इतर सद्गृहस्थ आणि भगिनी द्रव्यसाह्य करितात, त्यांच्या मनांत एक प्रश्न वारंवार उभा राहतो, व तो राहणें अगदीं स्वाभाविक आहे. आपण दिलेला पैसा ज्या भुकेच्या निवारणार्थ खर्ची पडतो, ती भूक मुळांत उत्पन्न होते कशानें, हा तो प्रश्न होय. ‘पाऊस पडला नाहीं’ हें उत्तर सर्वांच्या तोंडीं आहे आणि तें खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. एका तालुक्यांत पाऊस पडत नाहीं तेव्हां दुसऱ्यांत पडतो. एका देशांत पीक बुडतें तेव्हां दुसऱ्यांत तें मुबलक येतें. असें असतां, जेथें धान्य आहे तेथून जेथें नाहीं तेथें तें कां जात नाहीं, आणि कधीं कधीं जेथें भूक आहे तेथूनच तें बाहेर कां जातें, ह्याचा उलगडा पर्जन्यमापकावरून होत नाहीं. तो व्यापाराच्या, आणि व्यापाराविषयीं सरकार जें धोरण ठेवितें त्याच्या, अभ्यासावरून होतो. म्हणून वर्गणीच्या विनंतीबरोबरच हा लहानसा अभ्यासपाठ वाचकांपुढें ठेविला आहे.

ह्या अभ्यासाकरितां दूरदेशचें उदाहरण शोधावयास नको. पुण्याच्या उत्तरेस चाकण येथें तें आपल्या अंगणांत मांडलेलें आहे.

१. चाकणचा बाजार

पिंपरी-चिंचवडहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे भोसरी व मोशी मागें टाकून, इंद्रायणी ओलांडून मनुष्य चाकणास पोंचतो. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. त्यानंतर ह्या पट्ट्यांत, प्रथम पिंपरी-चिंचवडकडे आणि पुढें चाकणकडे, शेतांच्या जागीं कारखाने उभे राहत गेले. आज मोटारींचे सुटे भाग वाहणाऱ्या मालमोटारींच्या रांगेंतच कांद्याच्या पिशव्यांनीं लादलेले टेंपो उभे असलेले दिसतात. ते खेड तालुक्याच्या बाजार समितीच्या चाकण येथील आवाराकडे निघालेले असतात. कांदा व बटाटा ह्या दोन जिनसांसाठीं हा बाजार नांवाजलेला आहे, आणि खेड तालुक्याचेच नव्हे, तर शेजारच्या तालुक्यांतील शेतकरीही आपला माल येथें लिलावास आणितात. जवळच राजगुरुनगर येथें १९९८ सालापासून कांदा व लसूण ह्या पिकांच्या संशोधनाची केंद्र सरकारची संस्था आहे; ‘भीमा शक्ति’, ‘भीमा किरण’, ‘भीमा सुपर’ इत्यादि वाण तिनेंच काढलेले आहेत.

पुढील विवेचन समजण्यास कांद्याचे तीन हंगाम ध्यानांत ठेविले पाहिजेत. पावसाळ्यांत लाविलेला खरीप कांदा ऑक्टोबर ते डिसेंबरांत निघतो. त्यामागून जानेवारी ते मार्चांत रांगडा येतो. आणि शेवटीं मार्च ते मे महिन्यांत उन्हाळी, म्हणजे गावरान, कांदा काढतात. खरीप कांदा टिकत नाहीं, रांगडाही फार दिवस राहत नाहीं. ते काढले कीं विकावेच लागतात, मग भाव कांहीं असो. उन्हाळी कांदा मात्र चाळींत चार-सहा महिने राहतो. पण तोही वजनांत घटून, सडून व कोंब फुटून पुष्कळदां चौथ्या हिश्श्यानें किंवा त्याहूनही अधिक कमी होतो. तात्पर्य, कांदा हा सोन्याप्रमाणें तिजोरींत ठेवून भावाची वाट पाहण्याचा जिन्नस नव्हे. त्याच्या बाबतींत एका महिन्याची सरकारी आज्ञा म्हणजे शेतकऱ्याच्या सबंध हंगामाचा निकाल होय.

ह्या पट्ट्याची आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. येथें पिकविणारा आणि विकत घेणारा असे दोन निराळे समाज नाहींत. बाप चाकणच्या आवारांत कांद्याची पिशवी उतरवितो, आणि मुलगा कारखान्याची पाळी संपवून पिंपरीच्या मंडईंत तोच कांदा किलोच्या भावानें विकत घेतो. भाव चढला तर बापाचा जीव थंडावतो आणि मुलाच्या कपाळास आंठी पडते. भाव पडला तर उलट होतें. म्हणून ‘शेतकऱ्याचें हित कीं शहराचें हित’ असा जो वाद वर्तमानपत्रांतून चालतो, तो येथें पुष्कळ घरांत एकाच चुलीपुढें चाललेला असतो.

सरकारच्या धोरणानें ह्या मालाचें दार कधीं उघडें राहतें, कधीं बंद होतें. दोहोंचाही अनुभव आपल्या देशास पूर्वीं आलेला आहे. चाकणच्या अलीकडील हकीकतीकडे वळण्यापूर्वीं तो जुना अनुभव थोडक्यांत पाहूं.

२. दार सताड उघडें : १८७७

१८७६ सालीं दक्षिणेंत पावसानें दगा दिला. मुंबई इलाख्यांतील पुणें, सोलापूर, अहमदनगर, सातारा हे जिल्हे त्या दुष्काळांत सांपडले. मद्रास इलाखा व म्हैसूर येथें तर त्याहूनही कहर झाला. ह्याच्या आधींच्या पंधरा वर्षांत आपल्या धान्याचे मार्ग पार बदलून गेले होते. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला. आणि १८७३ सालीं गव्हावरील निर्गत जकात सरकारनें काढून टाकिली. अशा रीतीनें इकडचें कोठार विलायतेच्या बाजारास जोडलें गेलें होतें.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांच्या सरकारचें मत असें होतें कीं, धान्याच्या व्यापारांत सरकारनें हात घालूं नये. भाव चढले म्हणजे धान्य आपोआप टंचाईच्या मुलखाकडे धांव घेईल. भाव चढले, आगगाड्या धांवल्या, कांहीं धान्य आलेंही. परंतु ज्याच्या गांठीं पैसा नव्हता त्याच्या घरीं तें गेलें नाहीं. त्याच वर्षांत ह्या देशांतून विलायतेकडे गहूं जातच राहिला. १८७७ च्या जानेवारींत सर रिचर्ड टेंपल ह्यांस दुष्काळी कामांच्या तपासणीकरितां पाठविण्यांत आलें, व त्यांनीं मजुराची रोजची मजुरी एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, धान्याची किंमत आणि वर किरकोळ कांहीं पैसे, इतक्यावर आणून ठेविली. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं ह्या मजुरीवर काम करण्याचें नाकारून कामें सोडिलीं. १८७० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ति रानडे ह्यांच्या पुढाकारानें, गांवोगांवची माहिती जमवून सरकारास सादर केली. ज्या धोंड-मनमाड लोहमार्गावरून आज मालगाड्या धांवतात, त्याच्या भरावावर त्या दुष्काळांतील मजुरांनीं माती वाहिली आहे.

सर्व पीडित प्रांत मिळून मेलेल्यांचा अंदाज पन्नास लाखांहून अधिक आहे. त्यानंतर नेमिलेल्या दुष्काळ कमिशननें १८८० सालीं जें मत दिलें त्याचा मथितार्थ असा कीं, हिंदुस्थानांतील दुष्काळ हा अन्नाच्या अभावाचा असण्यापेक्षां कामाच्या व मजुरीच्या अभावाचा असतो. शेत करपलें म्हणजे धान्य जातें खरें. पण त्याच्याही आधीं मजुराचा रोज जातो, आणि रोज गेला म्हणजे भरलेल्या दुकानासमोरही मनुष्य उपाशी मरतो.

ह्यांतून पहिला धडा निघतो : उघड्या दारांतून धान्य भुकेकडे जात नाहीं, तें पैशाकडे जातें. भुकेच्या हातीं पैसा देण्याची व्यवस्था नसेल, तर मोकळा व्यापार दुष्काळ टाळीत नाहीं.

३. दारें बंद : १९४२-४३

ह्यावरून कोणी म्हणेल कीं, तर मग दार बंद करावें, म्हणजे झालें. ह्या उपायाची परीक्षाही झालेली आहे.

१९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला व तेथून येणारा तांदूळ थांबला. त्या वेळीं हिंदुस्थानांतील प्रांतांनीं आपापल्या हद्दीवर धान्याची ने-आण अडविण्यास सुरुवात केली. प्रत्येक प्रांताला वाटलें कीं, आपलें धान्य आपल्यापुरतें राखलें म्हणजे आपली प्रजा सुरक्षित राहील. परिणाम उलटा झाला. ज्या बंगालला शेजारच्या प्रांतांतून धान्य यावयाचें, तेथें तें आलें नाहीं, भाव भडकले, ज्यांच्याजवळ साठा होता त्यांनीं तो भीतीनें दाबून धरिला, आणि १९४३ च्या दुष्काळांत वीस ते तीस लाख माणसें मेलीं. पुढें १९८१ सालीं अमर्त्य सेन ह्यांनीं आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, त्या वर्षीं बंगालमधील तांदूळ, ज्या १९४१ सालीं दुष्काळ पडला नव्हता त्या सालापेक्षां कमी नव्हता. परंतु तांदळाच्या भावाच्या मानानें शेतमजूर, कोळी, नावाडी इत्यादि लोकांची मिळकत मागें पडली, आणि तेच लोक मेले.

हा दुसरा धडा : प्रत्येकानें आपलें दार लावून घेतलें म्हणजे सर्वांची सोय होत नाहीं, भीति मात्र वाढते, व तिची किंमत सर्वांत दुर्बळ असेल त्यास द्यावी लागते.

हे दोन्ही प्रसंग परराज्यांतील होत. आतां स्वराज्यांत, आपल्या डोळ्यांदेखत, चाकणच्या बाजारांत काय झालें तें पाहूं.

४. वीस महिन्यांत सात फर्मानें : २०२३ ते २०२५

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चांत कांद्याचा भाव इतका कोसळला कीं, राज्य सरकारास विकलेल्या कांद्यावर क्विंटलमागें ३५० रुपये, तेंही एका शेतकऱ्यास २०० क्विंटलपर्यंतच, अनुदान जाहीर करावें लागलें. त्या वेळीं दार उघडें होतें, आणि पडलेला भाव शेतकऱ्यानें बहुतांशीं एकट्यानेंच सोसला. पुढें मार्च-एप्रिलांतील अवकाळी पावसानें उन्हाळी कांद्याची टिकण्याची शक्ति कमी केली. आणि त्यानंतरचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. साहजिकच भाव चढूं लागले.

भाव चढतांच सरकारी आज्ञा सुरू झाल्या. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्गतीवर ४० टक्के जकात बसविली. नाशिक जिल्ह्यांतील व्यापाऱ्यांनीं निषेधार्थ लिलाव बंद ठेविले. तेव्हां सरकारनें आपल्या राखीव साठ्यासाठीं आणखी २ लाख टन कांदा क्विंटलास २,४१० रुपये भावानें घेण्याचें जाहीर केलें. ऑक्टोबरच्या अखेरीस, टनास ८०० डॉलरांहून कमी किमतीनें कांदा बाहेर पाठवूं नये, असा निर्बंध आला. आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्गत अजीबात बंद करण्यांत आली.

ह्या तारखांमध्यें आणखी एक तारीख आहे, आणि दुष्काळनिवारणाचें काम करणारांनीं ती विसरतां कामा नये. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं राज्य सरकारनें ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत पुणें जिल्ह्यांतील शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर व पुरंदर हे पांच तालुके होते. शिरूर तालुका तर खेडला लागूनच आहे. म्हणजे ज्या शेतकऱ्यास ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशीं राज्याच्या सरकारनें ‘दुष्काळग्रस्त’ म्हटलें, त्याचाच, अपुऱ्या पाण्यावर कसाबसा वांचविलेला, न टिकणारा खरीप कांदा ऐन काढणीस आला असतां त्याचें बाहेरचें गिऱ्हाईक केंद्राच्या आज्ञेनें सव्वा महिन्यानंतर तुटलें. कांहीं आठवड्यांतच घाऊक भाव निम्म्याच्या घरांत आले. एका हातानें मदत द्यावयाची, आणि दुसऱ्या हातानें तिच्या कित्येक पट काढून घ्यावयाचें, असा हा प्रकार, हेतु कोणाचा तसा नसतांही, घडून आला.

पुढें ही बंदी ३१ मार्च २०२४ रोजीं संपावयाची होती. ती मुदत संपण्यापूर्वींच वाढविण्यांत आली. ४ मे २०२४ रोजीं बंदी उठली, परंतु तिच्या जागीं टनास ५५० डॉलर ही किमान किंमत आणि ४० टक्के जकात आली. १३ सप्टेंबर २०२४ रोजीं किमान किमतीची अट निघाली व जकात २० टक्क्यांवर उतरली. आणि १ एप्रिल २०२५ पासून तीही उठविण्यांत आली. सुमारें वीस महिन्यांत निदान सात वेळां नियम बदलला. कांद्याचें रोप टाकल्यापासून माल हातीं येईपर्यंत साधारणतः पांच महिने लागतात. रोप टाकतांना असलेला नियम काढणीच्या वेळीं राहील असा भरंवसा ह्या काळांत कोणाही शेतकऱ्यास धरतां आला नाहीं.

सरकारची बाजूही येथें सांगितली पाहिजे. कांदा ही गरिबाच्या भाकरीबरोबरची वस्तु आहे. ती महागली तर मजुराच्या ताटांत कोरडी भाकर उरते. टंचाईच्या वर्षीं सरकारनें स्वस्थ बसावें असें कोणीही समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. १९४७ सालच्या जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण करारांतही अन्नाच्या बिकट टंचाईच्या प्रसंगीं तात्पुरती निर्गतबंदी करण्याची मुभा ठेविलेली आहे. तेव्हां प्रश्न सरकारनें कांहीं करावें कीं करूं नये हा नाहीं. जें केलें त्याचा खर्च कोणावर पडला, हा आहे.

५. एक सोपा हिशेब

व्यापारी वाचकांस आंकड्यांची भाषा अधिक रुचेल, म्हणून एक उदाहरण कल्पून मांडतों. समजा, एका शेतकऱ्याजवळ १०० क्विंटल कांदा आहे, आणि बंदीमुळें भाव क्विंटलास १,००० रुपयांनीं, म्हणजे किलोस १० रुपयांनीं, उतरला. शेतकऱ्याचें नुकसान १ लाख रुपये झालें. आतां शहरांतील एक कुटुंब महिन्यास ५ किलो कांदा खातें असें धरिलें, तर त्याचे महिन्यास ५० रुपये वांचले. तेंही मंडईंतला किरकोळ भाव घाऊक भावाइतकाच उतरला तर, आणि तसें नेहमींच होतें असें नाहीं. शेतकऱ्याचे १०० क्विंटल म्हणजे १०,००० किलो. ते २,००० कुटुंबांस महिनाभर पुरतात. अर्थात् एका घरचे लाख रुपये काढून दोन हजार घरांत पन्नास-पन्नास रुपये वांटले, असा ह्या व्यवहाराचा ताळेबंद होतो.

ह्या दोन हजारांपैकीं बहुतेकांस ते पन्नास रुपये वांचल्याचें ध्यानांतही राहत नाहीं. परंतु त्यांत कांहीं घरें खरोखर गरीब असतात व त्यांस पन्नास रुपयांचेंही मोल असतें. समजा दहांत एक घर असें आहे. मग अशीं २०० घरें झालीं, आणि त्यांस प्रत्येकीं ५० रुपये सरळ हातांत दिले तर खर्च येतो १०,००० रुपये. म्हणजे गरिबास तेवढेंच साह्य शेतकऱ्याच्या नुकसानीच्या दहाव्या हिश्श्यांत झालें असतें, आणि तेंही सर्वांच्या तिजोरींतून, एकट्याच्या खिशांतून नव्हे.

पण हा हिशेब येथेंच संपत नाहीं. ज्याचे लाख रुपये बुडाले तो पुढल्या हंगामांत दोन एकरांऐवजीं एक एकर लागण करितो. ती लागण आणि खुरपणी करणाऱ्या भूमिहीन मजूर बायांचा रोज तितका कमी होतो. पुढल्या वर्षीं बाजारांत माल कमी येतो, भाव चढतो, आणि पुन्हां बंदीची मागणी होते. ज्या महागाईवर उपाय म्हणून दार बंद केलें, तिचेंच बीं त्या बंद दाराआड पेरलें जातें.

६. जगाच्या बाजारांत त्याचे पडसाद

चाकणहून निघालेली पिशवी मुंबईच्या बंदरावरून आखातांत, मलेशियांत, श्रीलंकेंत जाते. बांगलादेश तर आपल्या कांद्याचें फार मोठें गिऱ्हाईक राहिलेलें आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजीं अशीच बंदी एकाएकीं आली, तेव्हां बांगलादेशांत भाव इतके भडकले कीं तेथील सरकारास विमानानें कांदा आणवावा लागला. त्यावेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या असतां, आपण स्वयंपाक्यास कांदा न घालण्यास सांगितलें असें विनोदानें म्हणाल्या व पूर्वसूचना मिळती तर बरें झालें असतें असें त्यांनीं सुचविलें. त्या विनोदांत एक कडू सत्य होतें. गिऱ्हाईक दोन-चार वेळां रिकाम्या हातीं परतलें म्हणजे तें दुसरें दुकान पाहतें. चीन, पाकिस्तान, इजिप्त व तुर्कस्तान ह्यांचा कांदा मग तेथें जातो. आणि आपलें दार पुन्हां उघडलें तरी गेलेलें गिऱ्हाईक सर्वच्या सर्व परत येत नाहीं.

तांदळाच्या बाबतींत हा परिणाम कितीतरी पटींनीं मोठा आहे. २००७ च्या ऑक्टोबरांत भारतानें बासमतीखेरीज इतर तांदळाची निर्गत थांबविली. व्हिएतनाम वगैरे देशांनींही निर्बंध घातले. फिलिपाईन्ससारखे घेणारे देश घाबरून मिळेल त्या भावानें खरेदी करूं लागले. पीक जगांत कोठेंही विशेष बुडालें नसतां, कांहीं महिन्यांत तांदळाचा भाव सुमारें तिपटीवर जाऊन टनास १,००० डॉलरांच्या घरांत पोंचला. १९४२ सालीं प्रांताप्रांतांत जें झालें तेंच २००८ सालीं देशादेशांत झालें. पुढें २० जुलै २०२३ रोजीं भारतानें पुन्हां बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्गत बंद केली. जगाच्या तांदूळव्यापारांत भारताचा वांटा त्या सुमारास ४० टक्क्यांच्या आसपास होता. तेव्हां त्या ऑगस्टांत जागतिक भाव पंधरा वर्षांतील उच्चांकास गेले, यांत नवल नाहीं. २८ सप्टेंबर २०२४ रोजीं ती बंदी उठली. ह्या मधल्या काळांत महाग तांदूळ ज्यांस घ्यावा लागला, त्यांत पश्चिम आफ्रिकेंतील गरीब देशांचे मजूर होते. त्यांची भूक आणि शिरूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण ह्या एकाच दोरीचीं दोन टोकें आहेत.

ज्या देशानें १९६६ सालीं सुमारें एक कोटी टन धान्य परदेशांतून आणून दिवस काढले, व अमेरिकेच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याचा अनुभव घेतला, त्या देशास दुसऱ्याच्या बंद दाराबाहेर उभें राहणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

७. ह्यावरून निघणारीं तत्त्वें

पहिलें तत्त्व असें कीं, धोरण रोप टाकण्यापूर्वीं जाहीर व्हावें. भाव अमुक पातळीच्या वर गेला तर अमुक जकात बसेल, व खालीं आला तर ती उठेल, हें आधींच ठाऊक असेल तर शेतकरी, व्यापारी व परदेशचें गिऱ्हाईक हे तिघेही त्याप्रमाणें वागूं शकतात. व्यापाराचें नुकसान ठरलेल्या करानें होतें त्याहून अधिक मध्यरात्रींच्या हुकुमानें होतें.

दुसरें असें कीं, निर्बंध घालणें भागच पडलें तर सरसकट बंदीपेक्षां माफक जकात बरी. कारण बंदीनें कोणाच्याच पदरीं कांहीं पडत नाहीं, जकातीनें निदान तिजोरींत पैसा येतो. परंतु तो पैसा ज्या उत्पादकाच्या भावांतून आला त्याच्याच कामीं, म्हणजे चाळी, शीतगृहें व पडत्या भावाच्या वर्षींचें साह्य ह्यांकरितां, लावणें न्यायाचें होय.

तिसरें असें कीं, भुकेल्याचें पोषण सर्व समाजाच्या तिजोरींतून व्हावें, एका वर्गाच्या भावांतून नव्हे. ह्याचा धडा महाराष्ट्रानेंच घालून दिलेला आहे. १९७२ च्या दुष्काळांत सरकारनें कामें काढून लोकांच्या हातीं मजुरी दिली. १९७३ च्या मे महिन्यांत त्या कामांवर सुमारें ५० लाख मजूर होते. पीक बुडालें, पण १८७७ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस पुढें कायद्याचें स्वरूप आलें. हातांत मजुरी आली म्हणजे धान्य तिच्यामागून येतें, हें १८८० च्या कमिशनचें मत नव्वद वर्षांनीं येथें खरें करून दाखविण्यांत आलें.

चौथें असें कीं, संकटांतील लोकांकरितां घेतलेल्या धान्यास कोणत्याही देशानें दार बंद करूं नये. २०२२ च्या जूनमध्यें जिनीव्हा येथें जागतिक व्यापार संघटनेच्या सभासद देशांनीं असें ठरविलें कीं, जागतिक अन्न कार्यक्रमानें परोपकारार्थ खरेदी केलेल्या धान्यास निर्गतबंदी लागू करूं नये. हा नियम लहान असला तरी त्याची दिशा योग्य आहे.

८. वाचकांस विनंती

सरकारचें धोरण ठरविणें आपल्या हातीं नाहीं. त्याविषयीं मत बनविणें व तें योग्य जागीं निर्भीडपणें कळविणें हें मात्र आहे. आणि धोरण कसेंही असो, कांहीं गोष्टी खास आपल्याच हातच्या आहेत.

व्यापारी बंधूंस विनंती अशी कीं, बंदीच्या आठवड्यांत जो शेतकरी न टिकणारा माल घेऊन आवारांत उभा असतो, त्याच्या अडचणीचा भाव करूं नये. वजन चोख करावें व पट्टीचे पैसे त्याच दिवशीं द्यावेत. तुमचा धंदा त्याच्या पुढल्या लागणीवर अवलंबून आहे. जमीनदारांस विनंती अशी कीं, ज्या वर्षीं पाऊस व भाव दोन्ही फिरले, त्या वर्षीं खंडांत सूट द्यावी, आणि आपली चाळ रिकामी असल्यास शेजारच्या लहान शेतकऱ्यास तींत चार पिशव्या ठेवूं द्याव्यात. दात्यांस विनंती अशी कीं, जेथें दुकानांत धान्य आहे पण घरांत पैसा नाहीं, तेथें धान्याच्या गोण्यांपेक्षां रोख साह्य व मजुरीचें काम द्यावें. बाहेरून आणलेलें फुकट धान्य त्याच गांवच्या शेतकऱ्याचा भाव पाडतें. जेथें बाजारच रिता आहे, तेथेंच धान्य न्यावें. आणि मदतीची यादी करतांना सातबाऱ्यावर ज्यांचें नांव नाहीं अशा लागण करणाऱ्या बायांचीं घरें आधीं लिहावींत; कारण शेतकऱ्याचें नुकसान निदान कागदावर दिसतें, त्यांचा बुडालेला रोज कोठेंच दिसत नाहीं.

चाकणच्या आवारांत कांदा उतरविणारा बाप आणि पिंपरीच्या मंडईंत तो विकत घेणारा मुलगा रात्रीं एकाच ताटाभोंवतीं बसतात. दोघांपैकीं एकाचें पोट भरण्यासाठीं दुसऱ्यास उपाशी ठेवावें लागतें, असें मानणारें धोरण आणि असें मानणारा दानधर्म, दोन्ही अपुरेच म्हटले पाहिजेत. दोघांसही पुरेल अशी व्यवस्था होणें शक्य आहे. ती होईपर्यंत जी तूट पडेल ती भरून काढण्यास आपली वर्गणी आहे. ती आपण नेहमींच्या औदार्यानें, आणि आतां ह्या समजुतीनिशीं, द्यावी, एवढीच आमची नम्र प्रार्थना आहे.